मंगळ जिंकायचा तर दाणागोटा किती लागेल?

अशी कल्पना करू की आजपासून पाच-सहाशे वर्षांनी मंगळावर ५० लाख माणसे राहतात. तिथेच जन्मलेली, तिथेच वाढलेली, पृथ्वीचा हुकूम न मानणारी. आणि पृथ्वीवरच्या सत्तेने ठरवले आहे की हा ग्रह ताब्यात घ्यायचा. हे लोक आणि हे युद्ध काल्पनिक आहे. मंगळ मात्र खरा आहे, आणि त्याची कक्षा, तिथल्या हवेचा दाब व माणसाची भूक पाचशे वर्षांत बदलणार नाही. म्हणून या मोहिमेचा बराचसा हिशेब आज कागदावर मांडता येतो.

असा विषय निघाला की बोलणे लगेच शस्त्रांवर जाते. या लेखात शस्त्रांना जागा थोडीच दिली आहे. मंगळावरची वस्ती उद्ध्वस्त करणे तुलनेने सोपे आहे. ती जिती-जागती ताब्यात घेणे आणि ताब्यात ठेवणे, खरी कसोटी तिथे आहे.

आधी पंचांग

पृथ्वी सूर्याभोवती ३६५ दिवसांत फिरते, मंगळ ६८७ दिवसांत. कमीत कमी इंधनात मंगळ गाठायचा तर निघण्याच्या दिवशी तो आपल्यापुढे सुमारे ४४ अंशांवर असावा लागतो. मग यान अर्धी लंबवर्तुळाकार वाट कापून २५९ दिवसांनी तिथे पोहोचते, आणि मंगळही नेमका तिथे आलेला असतो. हा मुहूर्त साधारण ७८० दिवसांनी, म्हणजे २६ महिन्यांनी एकदा येतो. आपले मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला उडाले, १ डिसेंबरला त्याने पृथ्वीची कक्षा सोडली आणि २४ सप्टेंबर २०१४ ला ते मंगळाच्या कक्षेत शिरले. त्या तारखा याच गणिताने ठरल्या होत्या.

युद्धाच्या दृष्टीने याचे परिणाम फार मोठे आहेत. पहिला असा, की अचानक हल्ला ही गोष्टच उरत नाही. हेच पंचांग मंगळावरही आहे. पृथ्वीच्या कक्षेत जहाजे जमू लागली की ती कधी निघतील आणि कोणत्या आठवड्यात पोहोचतील, हे शाळकरी पोरगाही काढू शकेल. दुसरा परिणाम कुमकेचा. पहिली फळी अडचणीत आली तर दुसरी येईपर्यंत दोन वर्षे उलटतात. तिसरा परतीचा. मंगळावर पोहोचल्यावर लगेच माघारी फिरता येत नाही, परतीच्या मुहूर्तासाठी सुमारे ४५५ दिवस थांबावे लागते. जाणे, थांबणे, येणे मिळून ९७० दिवसांच्या वर. हरलेल्या सैन्यालाही एवढे दिवस खायला लागतेच.

जास्त ताकदीचे इंजिन असेल तर मुहूर्ताची मुदत थोडी रुंदावते आणि प्रवासाचे दिवस कमी होतात. पण प्रत्येक वाचवलेल्या दिवसाची किंमत इंधनात मोजावी लागते, आणि इंधनाचा हिशेब मोठा निष्ठुर आहे.

बैलगाडी आणि कडबा

लांबच्या प्रवासाला निघालेल्या बैलगाडीचा विचार करा. वाटेत कुठे चारा मिळणार नाही, म्हणून बैलांचा कडबा गाडीतच भरायचा. कडबा वाढला की ओझे वाढते, ओझे वाढले की बैल जास्त खातात, म्हणजे आणखी कडबा. अग्निबाणाचे नेमके हेच आहे. त्सिओल्कोव्हस्की या रशियन शिक्षकाने १९०३ मध्ये त्याचे सूत्र प्रसिद्ध केले. सूत्र सांगते की लागणारा वेगबदल इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या वेगाच्या जितक्या पट, त्या प्रमाणात एकूण वजन वाढत नाही. ते चक्रवाढीने वाढते.

आता आकडे घालू. पृथ्वीजवळच्या कक्षेतून मंगळाकडे निघायला सेकंदाला सुमारे ३.६ किलोमीटरचा वेगबदल लागतो आणि पोहोचल्यावर मंगळाजवळच्या कक्षेत थांबायला सुमारे २.१ किलोमीटरचा. बेरीज ५.७. मिथेन आणि ऑक्सिजन जाळणाऱ्या इंजिनाचा वायू सेकंदाला साधारण ३.७ किलोमीटर वेगाने सुटतो. त्यावरून गुणोत्तर निघते ४.७. म्हणजे मंगळाच्या कक्षेत १ टन पोहोचवायचा तर पृथ्वीच्या कक्षेतून ४.७ टन निघायला हवेत. अणुभट्टीने हायड्रोजन तापवणारी इंजिने अमेरिकेने १९६० च्या दशकात नेवाडाच्या वाळवंटात जमिनीवर चालवून पाहिली होती. त्यांचा वायू सेकंदाला ८ किलोमीटरच्या आसपास जातो आणि गुणोत्तर २ वर उतरते. आयन इंजिनाचा वायू ३० किलोमीटरने सुटतो, पण त्याचा रेटा इतका हलका असतो की वेग चढायला महिनेच्या महिने जातात. टपाल पाठवायला ते चांगले, हल्ल्याला नाही.

किती टन न्यायचे? सैनिकांच्या संख्येपासून सुरू करू. अमेरिकी लष्कराच्या २००६ च्या बंडखोरीविरोधी पुस्तिकेत दर १,००० रहिवाशांमागे २० ते २५ जवान असा अंदाज दिला आहे. तो मानला तर ५० लाखांच्या ग्रहाला किमान १ लाख जवान लागतात. एका माणसाला दिवसाला सुमारे ०.८४ किलो ऑक्सिजन, वेष्टणासह १.८ किलो अन्न आणि प्यायला-शिजवायला तीनेक लिटर पाणी लागते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत वापरात आणण्यात यश आले, तेव्हा पाणी आणि हवा फिरवून वापरता येईल असे धरू. अन्न मात्र न्यावेच लागते. ९७० दिवसांचे एका जवानाचे अन्न पावणेदोन टन होते, आणि १ लाख जवानांचे पावणेदोन लाख टन.

त्यात जहाजाचे वजन मिळवा. आजचे अंतराळ स्थानक ४२० टनांचे आहे आणि त्यावर ७ माणसे राहतात, म्हणजे माणशी ६० टन. भविष्यातल्या अभियंत्यांनी ते १० टनांवर आणले असे उदारपणे मानू. अन्नाचे २ टन, शस्त्रे-वाहने-दारूगोळ्याचे ३ टन. माणशी १५ टन धरले तर मंगळाच्या कक्षेत १५ लाख टन पोहोचायला हवेत. मिथेनवर हे ७० लाख टन होते, अणुइंजिनावर ३० लाखांच्या पुढे. टाक्या आणि इंजिनांचे वजन यात धरलेलेच नाही.

सामान भरण्याचा क्रम हा इथला सर्वांत दुर्लक्षित भाग. जे आधी लागणार ते शेवटी भरायचे आणि एका प्रकारचे सगळे सामान एकाच जहाजात ठेवायचे नाही. १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवरून अर्जेंटिनाशी झालेल्या युद्धात ब्रिटिश आरमार घाईघाईत भरून निघाले आणि वाटेत असेन्शन बेटाजवळ थांबून सामान पुन्हा लावावे लागले. पुढे २५ मे रोजी 'अटलांटिक कन्व्हेयर' हे एकच मालवाहू जहाज क्षेपणास्त्राने पेटले आणि त्यात तीन चिनूक हेलिकॉप्टरे आणि हजारो जवानांचे तंबू गेले. त्यानंतर पायदळाला पाठीवर ओझी घेऊन बेटाच्या आरपार चालत जावे लागले. तिथे निदान चालता येत होते आणि श्वास घेता येत होता. मंगळाच्या वाटेवर ऑक्सिजन यंत्रांचे सुटे भाग नेणारे जहाज गेले, तर ती मोहीम तिथेच संपते.

वाटेत काय बिघडते

अवकाशात लपता येत नाही. मागची पार्श्वभूमी शून्याखाली २७० अंशांची आणि जहाज खोलीच्या तापमानाचे. काळ्या भिंतीपुढे निखारा धरल्यासारखे ते अवरक्त दुर्बिणीला दिसते. उष्णता दाबूनही ठेवता येत नाही, कारण ती बाहेर टाकली नाही तर आतली माणसे भाजून निघतील. २७ अंश सेल्सिअसला एक चौरस मीटर पृष्ठभाग जेमतेम ४६० वॅट बाहेर टाकतो. १०० मेगावॅट टाकायचे तर २ लाख चौरस मीटरहून मोठे रेडिएटर हवेत. तेच रेडिएटर ७०० अंशांच्या पुढे तापू दिले तर पावणेदोन हजार चौरस मीटरवर भागते, पण मग ते आणखी ठळक दिसतात. युद्धनौकेचा सर्वांत नाजूक अवयव हाच, कारण त्याच्यावर चिलखत चढवले तर उष्णता बाहेर पडणार नाही.

लेसरचा पल्ला लोकांना वाटतो त्यापेक्षा फार कमी आहे. १ मायक्रॉन तरंगलांबीचा किरण १० मीटर व्यासाच्या आरशातून सोडला तर १,००० किलोमीटरवर त्याचा ठिपका पाव मीटरचा असतो. १ लाख किलोमीटरवर तोच २५ मीटर पसरतो आणि त्याची धार दहा हजार पटींनी बोथट होते. त्यामानाने साधी खडी भयंकर आहे. सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने आदळणाऱ्या कोणत्याही वस्तूत तिच्या वजनाइतक्या टीएनटीची ऊर्जा असते, मग ती वस्तू लोखंड असो वा मुरूम. ताफ्याची वाट ठरलेली आहे, तेव्हा मंगळवासीयांनी त्या वाटेवर खडीचे ढग सोडून दिले की झाले. ते चुकवायला जहाजाला वाट थोडी बदलावी लागते, आणि त्यात जाते ते इंधन मंगळापाशी थांबण्यासाठी राखून ठेवलेले असते. जपानच्या 'नोझोमी' यानाचे असेच झाले. १९९८ मध्ये ते उडाले, एका झडपेच्या बिघाडात इंधन जास्त खर्च झाले आणि डिसेंबर २००३ मध्ये ते मंगळाशेजारून निघून गेले, कक्षेत शिरू शकले नाही. सैनिकांनी भरलेले जहाज असे पुढे निघून गेले तर ते सूर्याभोवती फिरत राहील आणि त्याला गाठायला कोणी जाऊ शकणार नाही.

माणसांचे हाल वेगळेच. वजनरहित अवस्थेत भार पेलणारी हाडे महिन्याला १ ते १.५ टक्का घटतात. नऊ महिन्यांनी असा जवान मंगळावर उतरला तर तिथले गुरुत्व पृथ्वीच्या ०.३८ पट असूनही शस्त्र-साहित्यासह धावणे त्याला जड जाईल. उपाय म्हणजे जहाज फिरते ठेवणे. मिनिटाला दोन फेऱ्या मारून मंगळाइतके वजन भासवायचे तर फिरण्याची त्रिज्या ८५ मीटर हवी. किरणोत्साराचेही असेच. मंगळावर गेलेल्या 'क्युरिऑसिटी' गाडीवरच्या उपकरणाने प्रवासात रोज सुमारे १.८ मिलिसीव्हर्ट मोजले होते. पृथ्वीवर आपल्याला निसर्गातून वर्षभरात सरासरी २.४ मिळतात. म्हणून झोपण्याच्या खणांभोवती पाण्याच्या टाक्या लावायच्या.

उतरणे

मंगळावर थेट उतरू नये. आधी फोबोस घ्यावा. हा जेमतेम २२ किलोमीटरचा चंद्र पृष्ठभागापासून ६,००० किलोमीटरवर फिरतो आणि ७ तास ३९ मिनिटांत एक फेरी पुरी करतो. त्याचे गुरुत्व नगण्य, त्यामुळे त्यावर लागणे-सुटणे जवळपास फुकट. दगडाआड कोठारे ठेवता येतात, तुटकी जहाजे दुरुस्त करता येतात. फॉकलंडच्या वेळी असेन्शन बेट होते तसाच हा मधला तळ. पण त्याला एक आंधळी बाजू आहे. मंगळाच्या ७० अंश अक्षांशापलीकडून फोबोस दिसत नाही, म्हणजे फोबोसवरूनही तो भाग दिसत नाही. ध्रुवांजवळच्या बर्फाच्या खाणी आणि तिथली वस्ती त्या आडोशाला राहतात. त्यांच्यासाठी ध्रुवांवरून जाणारे वेगळे उपग्रह लागतील.

मंगळाची हवा पृथ्वीच्या ०.६ टक्के दाबाची. यान जाळायला पुरेशी, थांबवायला अपुरी. 'पर्सिव्हरन्स' ही १,०२५ किलोची गाडी १८ फेब्रुवारी २०२१ रोजी उतरवताना उष्णताकवच, साडेएकवीस मीटरची हवाई छत्री आणि शेवटी दोरांवरून खाली सोडणारी इंजिने, असे तीन टप्पे लागले. आपला टी-९० रणगाडा ४६ टनांचा आहे. एवढ्या वजनाला छत्री पुरत नाही, ध्वनीपेक्षा जास्त वेगात असतानाच खालच्या दिशेने इंजिने पेटवून ब्रेक लावावा लागतो.

मग इंजिनांचा झोत जमीन खणतो. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ चंद्रावर उतरले तेव्हा दीडशे मीटरहून दूर असलेल्या जुन्या 'सर्व्हेयर ३' यानावर वाळूचा मारा झाल्याच्या खुणा सापडल्या. तो छोट्या यानाचा झोत होता. चाळीस-चाळीस जवानांची याने धरली तर १ लाख माणसांना अडीच हजार उतरणी लागतात. ती दाटीवाटीने उतरवली तर मागून येणारे यान आधी उतरलेल्यांवर दगडगोटे उडवणार, लांब-लांब उतरवली तर तुकड्या विखुरणार. म्हणून पहिल्या दिवशी फक्त इंजिनिअर पलटणी उतरवायच्या आणि त्यांनी माती भाजून, दाबून टणक धावपट्ट्या करायच्या. लढाऊ तुकड्या त्यानंतर.

ऋतूही पाहावा. २०१८ च्या ग्रहभर पसरलेल्या धुळीच्या वादळात 'ऑपॉर्च्युनिटी' गाडीचा १० जूननंतर कायमचा संपर्क तुटला. तिचे सौर पंख धुळीने आंधळे झाले होते. अशी वादळे मंगळ सूर्याच्या जवळ असताना जास्त येतात आणि प्रत्येक मुहूर्ताला पोहोचण्याचा ऋतू वेगळा असतो.

दारातली लढाई

किरणोत्सारापासून वाचण्यासाठी वस्त्या काही मीटर मातीखाली असणार. आत शिरायची सरळ वाट एकच, एअरलॉक, म्हणजे दोन दारांमधली हवाबंद खोली. तो जवळून पाहू. १ मीटर रुंद आणि २ मीटर उंच दार घ्या. आत पृथ्वीइतका दाब, बाहेर जवळपास पोकळी. त्या दारावर आतून २० टनांचा रेटा आहे. दार आतल्या बाजूला उघडणारे असेल तर बाहेरून ढकलून ते कोणत्याही पैलवानाला उघडणार नाही. आधी मधल्या खोलीत शिरायचे, बाहेरचे दार बंद करायचे, हवा भरू द्यायची, दाब समान झाला की आतले दार उघडते. एका फेरीत सहा माणसे आणि दहा मिनिटे धरली तर तासाला ३६ जण. हजार जवानांना एका दारातून आत जायला २८ तास. आणि हवेची झडप आतल्या माणसाच्या हातात. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या बेचक्यात लपवला आहे तो शत्रूला थोडे-थोडे करून, वळण घेत, माऱ्याखालून यावे लागावे म्हणून. एअरलॉक हा न ठरवता झालेला गोमुखी दरवाजा आहे.

दुसरी वाट म्हणजे भिंतीपर्यंत खणून, तिला आपली हवाबंद खोली राळेने चिकटवायची, दोन्हीकडचा दाब जुळवायचा आणि मगच भिंत कापायची. हे काम तासन्‌तास चालते आणि कापण्याचा आवाज आतल्यांना पहिल्या मिनिटापासून ऐकू येतो.

जवानाच्या पोशाखाचीही अडचण आहे. अंतराळ पोशाखात शुद्ध ऑक्सिजन असतो आणि दाब फक्त ३० किलोपास्कल, कारण जास्त दाबात हातमोज्याची बोटे मिटत नाहीत. जहाजातल्या १०१ किलोपास्कलमधून, म्हणजे पृथ्वीइतक्या दाबातून, सरळ त्या पोशाखात गेले तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, पाणबुड्यांना होतो तसा सांध्यांचा भयंकर त्रास होतो. म्हणून आधी तासन्‌तास नुसता ऑक्सिजन ओढावा लागतो. यावर उपाय असा, की प्रवासातच जहाजाचा दाब ५६ किलोपास्कलपर्यंत उतरवायचा आणि ऑक्सिजन ३४ टक्के करायचा. मग पाव तासात बाहेर पडता येते. मात्र अशा हवेत आग झपाट्याने पसरते.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. गोळी भिंतीतून गेली की सगळे क्षणात मरतात, असे होत नाही. १ चौरस सेंटीमीटरच्या भोकातून सेकंदाला साधारण २० लिटर हवा जाते. दहा बाय तेराच्या खोलीत दाब निम्म्यावर यायला पाव तासाहून जास्त लागतो. तेवढ्यात एक माणूस भिंतीवर ठिगळ लावू शकतो. मोठा धोका स्फोटकांचा. मुख्य बोगदा फुटला की आपत्कालीन दारे आपोआप बंद होतात आणि प्रत्येक मोहल्ला वेगळा किल्ला होऊन बसतो.

शिबंदी

इथवर सगळे नीट झाले असे मानू. आता ५० लाख माणसांची हवा आपल्याला चालवायची आहे. 'पर्सिव्हरन्स'वरच्या 'मॉक्सी' या यंत्राने मंगळाच्या कार्बन डायऑक्साइडपासून ऑक्सिजन करून दाखवला: १६ वेळा चालवून मिळून १२२ ग्रॅम, जास्तीत जास्त तासाला १२ ग्रॅम. एका माणसाला तासाला ३५ ग्रॅम लागतो. ५० लाखांना दिवसाला ४,२०० टन. एवढे तयार करणारे कारखाने, त्यांची वीज, त्यांचे गाळण्या बदलण्याचे वेळापत्रक, कोणत्या पंपाचा कोणता बेअरिंग आधी जातो, हे ज्यांना ठाऊक आहे ते सगळे हरलेल्या बाजूचे आहेत. १९४९ च्या जीनिव्हा कराराने ताबा घेणाऱ्यावर लोकांच्या अन्न-औषधाची जबाबदारी टाकली आहे. मंगळावर त्यात हवा आपोआप येते. कामगारांनी संप केला तर जेत्यांनाही त्याच नळीतून श्वास घ्यायचा आहे.

बंदुकीच्या धाकाने पाळी करून घेता येईल, पण चुकीचा शेरा मारलेली एक गाळणी सहा महिन्यांनी काय करते, ते बंदूकधाऱ्याला कळत नाही. पृथ्वीवरच्या तज्ज्ञाला विचारावे तर प्रश्न जायला ३ ते २२ मिनिटे आणि उत्तर यायला तेवढीच. सूर्य मध्ये आला की दोनेक आठवडे तेही नाही.

औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला आणि १७०७ मध्ये अहमदनगरला वारला. पंचवीस वर्षे, बादशाहीची सगळी ताकद, आणि साताऱ्यापासून तोरण्यापर्यंत गड एकामागून एक घेतले. छावणी पुढे सरकली की मागचे गड मराठे परत घेत. त्याच्या मागे निदान उत्तरेहून खजिना आणि माणसे येण्याची वाट बारमाही होती. मंगळावरच्या शिबंदीची वाट दर ७८० दिवसांनी काही आठवडे उघडते, आणि पहिली बदली तुकडी पोहोचेपर्यंत मूळच्या जवानांपैकी कित्येकांनी तिथल्या तंत्रज्ञांकडून पंप चालवायला शिकून घेतलेले असेल. म्हणून शहाणा सेनापती फोबोस घेतल्यावर आणि खाली उतरण्याच्या आधीच तहाची बोलणी लावेल. त्या तहाचे पहिले कलम आजच लिहिता येते: ऑक्सिजन कारखान्याचे कर्मचारी आपापल्या जागी राहतील, आणि त्यांच्या परवानगीशिवाय एकही सशस्त्र माणूस नियंत्रण कक्षात पाऊल ठेवणार नाही.